बाबांचं मत

१४ ऑक्टोबर १८१९
बाबांची तसबीर कोर्टात लावणार! त्यांच्या कारकिर्दीचं टिपण मी लिहून द्यायचं. बावीस वर्षं ते रिचमंडला, व्हर्जिनियाच्या विधिमंडळात होते. निवडणुकीचे दिवस आठवले. कोर्टाच्या अंगणात टेबलापाशी एकेक मतदार यायचा, आपलं मत मोठ्यानं सांगायचा — कर्नल थ्रस्टन! बाबा उठून, वाकून आभार मानायचे. पलीकडे डुक्कर भाजत असायचं, रमचं पिंप उघडलेलं. मी मला सांभाळणाऱ्या केझायाच्या कडेवरून सगळं बघायचे. ते दिवस आता येणे नाहीत.

१६ ऑक्टोबर
केझाया आली होती. बाबांनी मृत्युपत्रात तिला गुलामीतून मुक्त केलं. पण मुक्त झालेल्यानं बारा महिन्यांत व्हर्जिनिया सोडायचं, असा कायदा. मुदत दोन मार्चला संपते. तिचा नवरा अब्सलम शेजारच्या गिरणीवाल्याच्या मालकीचा — तो कसा जाणार? विधिमंडळानं परवानगी दिली तरच ती राहू शकते. म्हणाली, "पॉलीबाई, अर्ज लिहा. साहेबांचं नाव घाला. तिथं त्यांचा शब्द कोण मोडेल?"
लिहिला. मन लावून लिहिला.

२ नोव्हेंबर
टिपणासाठी विधिमंडळाच्या कामकाजाची जुनी पुस्तकं काढली. नदीवरच्या पुलाला — हो. शाळांसाठी कर — नाही. वाचताना त्यांचा आवाज कानात येत होता, फार बरं वाटलं. मग १८०६. मुक्त झालेल्यांना राज्याबाहेर घालवायचा तो कायदा. थ्रस्टन — हो. समासात त्यांचंच अक्षर: भाषण छान झालं.
आणि शेवटी केझायाला मुक्त केलं! स्वतःचाच कायदा विसरले असतील. म्हातारपण, दुसरं काय.

९ नोव्हेंबर
पेटनभावोजींना अर्ज आणि ते पान दाखवलं. बाबांच्या जागी यंदा तेच निवडून आलेत, अर्ज तेच नेणार. म्हणाले, "सभागृह हसेल बरं का. कायदा कर्नलचा, आणि मोडायला निघाली कर्नलचीच लेक!" वर म्हणाले, तू दिलास तर नेईन, मला काय.
बाबांना कुणी हसलेलं मला सोसायचं नाही.

३ डिसेंबर
भावोजी रिचमंडला गेले. निरोप द्यायला मी खाली उतरले नाही.

२२ फेब्रुवारी १८२०
तसबीर लागली. माझं टिपण वाचलं — १८०६ वगळून. म्हातारे मतदार डोळे पुसत होते. मीही रडले.

१ मार्च
केझाया ओहायोला गेली. अब्सलमला फाट्यापर्यंतच जाऊ दिलं. निघताना माझा हात धरून म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका, पॉलीबाई. विधिमंडळानं नाही म्हटलं, त्याला तुम्ही काय करणार?"
अर्ज अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.