वाघोलीच्या पिंपळाची जागा आणि इतर व्यवस्था

नमो बुद्धाय. जय भीम.

मी, ललिता भीमराव ओव्हाळ, वय ७१, मॅट्रिक पास, व्यवसाय घरकाम, राहणार गुलटेकडी, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व राजीखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी आणि स्मरण शाबूत आहे, तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. दाखला मागितला तेव्हा डॉक्टर हसले. पण माझ्या नावाने एक दुसरी बाई हिंडून गेलेली आहे, तेव्हा मी मीच आहे हे जितक्या ठिकाणी लिहून ठेवता येईल तितके बरे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

१. गुलटेकडीचे दोन खोल्यांचे घर मुलगा आयुष यास द्यावे. पतीच्या मागे ते माझ्या नावावर झाले, त्यावर कर्ज नाही. एक किल्ली मात्र मुलगी निकिता हिच्याकडे कायम राहील. माहेरी यायला तिला बेल वाजवावी लागू नये.

२. पोस्टातील ठेवी दोघांना समान. आधी त्यातून माझे पुण्यानुमोदन करावे, तेही साधे. येणाऱ्यांनी हार आणू नयेत, वह्या आणाव्यात, त्या वस्तीतल्या मुलांना वाटाव्यात. माझ्या फोटोसाठी नवी फ्रेम आणू नये. माझे पती कालकथित भीमराव यांच्या फोटोच्या वेळी दोन घेतल्यावर स्वस्त पडत होत्या, म्हणून दुसरी मी तेव्हाच घेऊन माळ्यावर ठेवली आहे.

३. आता मुख्य गोष्ट. वाघोली येथील दोन गुंठे जागा माझ्या एकटीच्या नावावर आहे. हे एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. त्यांचा ओव्हरटाइम आणि मी घरखर्चातून मागे टाकलेले पैसे यातून ती घेतली. खरेदीच्या दिवशी हे म्हणाले, "घर माझ्या नावावर आहे, जमीन तुझ्या नावावर असू दे. बाईच्या नावावर जमीन, हे माझ्या आईला बघायला मिळालं नाही." त्याच संध्याकाळी तिथे बोधिवृक्षाचे, म्हणजे पिंपळाचे, रोप लावले. कुंपणाला तेव्हा पैसे उरले नव्हते. समोर गॅरेज असलेले अकबरभाई मुलाणी आपणहून त्या रोपाला पाणी घालू लागले. दर वैशाख पौर्णिमेला आम्ही स्वारगेटहून बसने जाऊन झाडाखाली वंदना घेतो आणि अकबरभाईंना खिरीचा डबा देतो. तो डबा त्यांच्याकडून कधी रिकामा परत आलेला नाही.

४. दोन वर्षांपूर्वी घडलेली हकीकत पुढच्यांना माहीत असावी म्हणून लिहिते. माझे पुतणे चिरंजीव दिग्विजय यांनी सातबाऱ्यावरची दुरुस्ती करून देतो म्हणून माझ्या खरेदीखताची व आधार कार्डाची झेरॉक्स नेली. ती एका एजंटाच्या हाती गेली. एजंटाने माझ्या नावाच्या खोट्या आधारावर दुसऱ्याच बाईचा फोटो लावला आणि त्या बाईला मालकीण म्हणून उभे केले. घेणाऱ्या होत्या निवृत्त शिक्षिका द्वारकाबाई बोठे. विसाराची रक्कम पिशवीत घेऊन त्या जागा बघायला आल्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी खरेदीखताची नोंदणी ठरलेली होती.

द्वारकाबाईंनी विचारले, एवढ्या मोठ्या पिंपळाचे काय करायचे? त्यावर ती बाई म्हणाली, "पाडून घ्या. मुंजा असतो त्यात. मी तर इकडे फिरकतच नाही."

एजंटाने तिच्याकडून माझे नाव, वय, पत्ता सगळे पाठ करून घेतले होते, आणि ओव्हाळांच्या घरात मुंजाला जागा नसते एवढेच सांगायचे राहिले. तिचे बोलणे ऐकून अकबरभाई हात पुसत रस्ता ओलांडून आले. द्वारकाबाईंना म्हणाले, "मॅडम, पैसे देऊ नका. ह्या बाई झाडाला भितात. मालकीण ह्याच झाडासमोर हात जोडते." आणि तिथूनच मला फोन लावला.

"वहिनी, तुम्ही आत्ता कुठे आहात?"

"घरी. भाकरी थापतेय."

"मग इथं कोण उभं आहे?"

मी तवा उतरवला आणि निघाले. पोहोचेपर्यंत ती बाई व एजंट गाडीतून पसार झाले होते. द्वारकाबाई झाडाच्या पारावर पिशवी पोटाशी धरून बसल्या होत्या. आयुष्याची पुंजी वाचली होती. आम्ही तिघांनी मिळून पोलिसांत तक्रार दिली, निबंधक कार्यालयात लेखी हरकत दिली. एजंट पुढे सापडला.

५. वाघोलीची जागा झाडासह निकिताला द्यावी. आयुषने राग मानू नये. त्या दिवशी त्याने विचारले, "आई, विकून मोकळी का होत नाहीस?" निकिताने विचारले, "झाडाला पाणी कोण घालतं, त्यांना आपण काय देतो?" ज्याला जे सुचले त्याप्रमाणे मी वाटणी केली आहे.

मी आजवर कोणालाही कुलमुखत्यारपत्र दिलेले नाही. कोणी दाखवले तर ते खोटे समजावे. मूळ खरेदीखत बँकेच्या लॉकरमध्ये आहे, ते तिथेच राहावे. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर कारण व तारीख आडवी लिहूनच द्यावी. माझ्या मागे वारसनोंद लगेच करून घ्यावी, रडणे नंतरही होते. सातबारा अधूनमधून ऑनलाइन पाहावा. आणि जागेवर स्वतः जात राहावे, कारण मालक कोण हे शेजाऱ्याला तोंडओळखीने माहीत असण्यासारखा दुसरा बंदोबस्त मला तरी सापडला नाही.

६. दिग्विजय यास मूळ खरेदीखताची एक झेरॉक्स, वर "रद्द" असे लिहून, द्यावी. त्याला झेरॉक्सची आवड आहे. "काकू, मला यातलं काही माहीत नव्हतं," असे तो रडून म्हणाला. ते मी खरे मानते. पण माहीत नसण्याचे कमिशन त्याने आधी ठरवले होते. त्याला पुण्यानुमोदनाला बोलवावे व पोटभर जेवू घालावे.

७. ह्यांची हत्यारांची पेटी ह्यांनी हयातीतच अकबरभाईंना दिली आहे. ती माझी मालमत्ता नाही, कोणी मागू नये.

८. जागेचा रस्त्याकडील कोपरा अकबरभाईंना द्यावा, असे कलम मी इथे लिहिले होते. वकीलसाहेब म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार म्हणून सही न केलेली बरी, उद्या कोणी शंका काढील. हे ऐकून अकबरभाई म्हणाले, "कोपरा राहू द्या, वहिनी. मला सही करायची आहे. उद्या कोर्टाने विचारलं, खरी ललिता ओव्हाळ कोण, तर सांगायला मी नको का?" मी पुष्कळ समजावले. ते ऐकेनात. म्हणून ते कलम मी आज खोडले. त्यांचे ऋण तसेच राहिले आहे. निकिताने खिरीचा डबा चुकवू नये.

मला जे मिळाले ते कष्टाने आणि चांगल्या माणसांमुळे मिळाले. त्या सर्वांची मी आभारी आहे. वरील मजकूर मी स्वतः लिहून, पुन्हा वाचून, खाली सही व डाव्या अंगठ्याचा ठसा देत आहे. सही येते, तरी ठसाही देते, कारण बोट कोणाला उसने नेता येत नाही.

ठिकाण: वाघोली, पुणे, पिंपळाच्या पारावर
दिनांक: १२ मे २०२५, वैशाख पौर्णिमा

(सही व ठसा) ललिता भीमराव ओव्हाळ

आमच्यासमक्ष सही केली:

साक्षीदार १: (सही) अकबर इमाम मुलाणी, गॅरेज, वाघोली. यांना मी या झाडाच्या रोपापासून ओळखतो.

साक्षीदार २: (सही) द्वारका रघुनाथ बोठे, निवृत्त शिक्षिका. खोटी ललिता ओव्हाळ मी याच जागी पाहिली होती. सही करणारी खरी आहे.