लांडग्यांची गोष्ट आणि माझं दप्तर

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी हे लिहिताना मी पाठ ताठ करून बसले आहे. तुमच्या वर्गात वाकून बसलेलं चालायचं नाही.

शनिवारी शाळा सुटायच्या आधी तुम्ही आम्हाला ती कादंबरी वाचून दाखवायचात, रानटी लांडग्यांच्या कळपात जगलेल्या मुलीची. कडाका वाढतो, कळप डोंगर उतरायला निघतो आणि मुलीचा पाय मोडलेला. कळप तिच्यासाठी थांबणार की निघून जाणार? नेमकं तिथं तुम्ही पुस्तक मिटलंत. मला राहवेना. मी टेबलापाशी आले. "बाई, घरी न्यायला द्याल? सोमवारी आणते." तुम्ही मला वरपासून खालपर्यंत बघितलंत. "तुमच्यांत पुस्तकं ठेवायला जागा तरी असते का गं?" वर्ग हसला. 'तुमच्यांत' म्हणजे कुणाच्यात, ते मला त्या वयातही कळत होतं. आमच्या खोलीत बुद्धाच्या मूर्तीखाली वडिलांच्या पुस्तकांची आख्खी फळी होती. मी जाग्यावर जाऊन बसले.

सोमवारी पुस्तक कपाटात नव्हतं. तुम्ही कुणालाच काही विचारलं नाहीत. मला पुढं बोलावलंत आणि माझं दप्तर फरशीवर पालथं केलंत. डबा उघडला, भाकरी घरंगळत पहिल्या बाकाखाली गेली, ठेचा वह्यांना लागला. चाळीसएक पोरांत दप्तर तपासलंत ते फक्त माझंच. काही सापडलं नाही तेव्हा म्हणालात, "उचल ते." घरी आई म्हणाली, "रडतीस कशाला? तू घेतलं न्हाईस न्हवं? मग ताठ मानेनं जा की." दुसऱ्या दिवशी गेले. पुस्तक कपाटात परत आलेलं. मी विचारलं, "बाई, सापडलं?" तुम्ही हजेरी घेता घेता म्हणालात, "माझ्या मुलीनं घरी नेलेलं. बस खाली." झालं. एवढंच. पुढच्या शनिवारी तुम्ही वाचायला लागलात तेव्हा मी कानात बोटं घातली, आणि तुम्ही मला वर्गाबाहेर उभं केलंत. कळप थांबला की नाही ते मला अजून माहीत नाही.

म्हणून मी माझी कादंबरी लिहिली. माझ्या गोष्टीतली मुलगी मलकापूरच्या पुढं, सड्यावरच्या उघड्या कातळात लांडग्यांत राहते. तिच्या गावात एक बाई आहे, जी भर पावसात तिला दारातून हाकलते. ती तुम्ही. शेवटी आख्खा कळप त्या बाईच्या अंगणात येऊन बसतो. काही करत नाही, नुसता बसतो, आणि ती आत कडी धरून थरथरत उभी. बाई, पोरांना ते पान फार आवडतं. मलाही.

गेल्या महिन्यात आपल्याच शाळेनं मला बोलावलं. हॉलमध्ये तुमचा फोटो, ताजा हार. तुमची मुलगी आता तिथंच मुख्याध्यापिका आहे, पहिल्या रांगेत बसलेली. एका पोरीनं विचारलं, "ही गोष्ट तुमाला कशी सुचली?" मी सगळं सांगितलं. दप्तर, भाकरी, 'तुमच्यांत'. तुमचं नाव घेतलं नाही, नुसतं फोटोकडं बोट केलं. नंतर व्हरांड्यात तुमची मुलगी आली. "पुस्तक मीच नेलेलं," ती म्हणाली. "दप्तराचं मात्र आईनं घरात कधी सांगितलं नाही." तिचे डोळे भरलेले. 'जाऊ दे' म्हणायची ती वेळ होती. मी म्हटलं नाही. चपला घातल्या आणि निघाले. घरापर्यंत चालत आले, आणि वाटेत ओळख नसलेल्या माणसांकडं बघूनसुद्धा हसत होते, इतकं बरं वाटत होतं.

हे लिहिलं ते तुमच्या मुलीला पाठवायचं म्हणून. पाठवत नाही. कारण एक गोष्ट तिला कळायला नको आहे. त्या दिवशी तुम्ही जिवंत असतात आणि पहिल्या रांगेत येऊन बसला असतात, तर मी बोट केलं नसतं. खाली उतरून तुमच्या पाया पडले असते, आणि त्या पोरीला म्हणाले असते, "अशीच सुचली गं."