वजा फटक्यांचा ओरेस्ट

२ मार्च
आजपासून मी आमच्या गावच्या आइस हॉकी संघाची विश्लेषक. घरातली पहिली पदवीधर, तीही संख्याशास्त्राची. गावाला उपयोग नको? कोच मायरनकाका म्हणाले, "प्लेऑफपुरतं बघू, लॅरिसा. जमलं तर पुढच्या मोसमालाही तूच." जमणारच. कॅनडातल्या सॅस्कॅचवानच्या बर्फावर विज्ञानाची पहाट!

४ मार्च
पद्धत सोपी. खेळाडू बर्फावर असताना आपण गोलकडे किती फटके मारले, समोरच्यांनी किती, एवढंच मोजायचं. गोल नशिबाने होतात. फटके खोटं बोलत नाहीत.
सर्वोत्तम: डेल. दिसेल तिथून मारतो. सर्वांत वाईट: ओरेस्ट, आपला सर्वांत जुना बचावपटू! तो उतरला की चकती आपल्याच गोलसमोर.
त्याला प्रेमाने सांगितलं. तो म्हणाला, "अगं बाई, समोरचे आपल्या उरावर बसले की मगच काका मला आत ढकलतात!"
म्हणजे स्वतःच कबूल केलं. वाईट वाटलं.

७ मार्च
काका तयार. ओरेस्ट बाहेर, डेल आत.
प्लेऑफ म्हणून कोणी दाढी करत नाही. गोलकीपर टेरीने तर मोजेच धुतलेले नाहीत. ड्रेसिंग रूममध्ये अंधश्रद्धेवर बोलले. (वास असह्य.) शेवटी टेरी म्हणाला, "झालं? आता बाहेर जाताना डावा पाय आधी टाक हं, ताई."

९ मार्च
पहिला सामना. ०–६. पण फटके आपले दुपटीहून जास्त! खरं तर आपणच जिंकलो. हे काकांना सांगितलं. "करंडक फटक्यांना देतात का गं?" भावनेच्या भरात आहेत.

११ मार्च
१–७. फटके आणखी वाढले. घोडदौड! डेलचा एक स्कोअरबोर्डला लागला, तोही धरला आहे.
आई म्हणते, पाच सामन्यांच्या फेरीत अजून एक हरलो की मोसम संपला. आईला दीर्घकालीन दृष्टी नाही.

१३ मार्च
आनंद गगनात मावेना! काकांनी स्वतः आकडेमोड केली. म्हणाले, "तू बाकामागे नव्हतीस तेव्हा दहात आठ जिंकलो. तू आल्यापासून दोनात दोन हरलो." अगदी माझीच पद्धत! मी म्हटलं, नमुना फार लहान आहे, काका. ते म्हणाले, "मोठा करायचाच नाहीये."
ओरेस्ट परत संघात. मी बाबांच्या ट्रकमध्ये, पार्किंगमध्ये, रेडिओसह. दुरून निरीक्षण जास्त तटस्थ होतं.

१४ मार्च, ट्रक
तापमान उणे अठ्ठावीस. ३–२ जिंकलो!! शेवटच्या मिनिटात ओरेस्टने फटका हनुवटीवर अडवला. मी एकटीच नाचले, हॉर्न वाजला.
सगळे धावत बाहेर आले. वाटलं, खांद्यावर घेणार. टेरीने ट्रकच्या बॉनेटचा मुका घेतला. "परवाही इथेच. हाच कोट, हीच सीट." एका सामन्याने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे नीट समजावलं. तो म्हणाला, "हो हो. आणि सँडविचही हेच."

१६ मार्च, ट्रक
चौथा सामना चालू, १–१. सँडविच तेच, पण ते मला आवडतं म्हणून. हा सगळा निव्वळ योगायोग आहे, असं पुन्हा एकदा नमूद करते.
आई मघाशी येऊन ओरडून गेली, "अगं, काच तरी वर कर, नाक गळून पडेल!"
परवा ओरेस्टने तो फटका अडवला तेव्हा काच अर्धी खाली होती.
वर केली नाही.