सॅक्सोफोन शोकेसमध्ये ठेवू नये

मी, शर्मिष्ठा नरहरी खापरे, वय ३४, विद्यापीठात सॅक्सोफोनची सहायक प्राध्यापक, राहणार तेलीबांधा, रायपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे आणि सध्या मरण्याचा काहीही विचार नसताना लिहीत आहे. नवरात्रात माझ्या उजव्या गालाखालची गाठ काढली. ओठाकडे जाणारा मज्जातंतू तिला चिकटून होता. तो दुखावला असता तर या ओठाने पुन्हा माउथपीस धरता आला नसता. गाठ साधी निघाली. शस्त्रक्रियेआधीचा मसुदा मी घाबरून लिहिला होता. तो रद्द समजावा.

१. फ्लॅटमध्ये आई, श्रीमती सुशीला, हयातभर राहील. तिच्या पश्चात तो भाऊ परागचा. ठेवी आईच्या. यावर चर्चा नको.

२. माझा लयीचे ठोके देणारा मेट्रोनोम विभागप्रमुख अच्युत सरांना द्यावा. नोकरीच्या मुलाखतीत त्यांनी विचारलं होतं, "मॅडम, शास्त्रीय वाजवता की बारात?" मी दोन्ही वाजवलं आणि नेमणूक झाली. सरांचा तबला द्रुत लयीत अजूनही पुढे पळतो.

३. दुरुस्तीची अवजारे इथल्याच पंडरी भागातल्या लहानूजींच्या बँडला. मी इंजिनिअरिंग करत असताना लहानूजींनी मला फुंकायला शिकवलं. "ए पोट्टी, गाल काहून फुगवून राहिली? फुगे विकाले बसली का?" एवढीच त्यांची पद्धत. ते गेले. बँडच्या वाद्यांची पॅड, म्हणजे झडपांखालच्या चामड्याच्या गाद्या, लग्नसराईआधी मी बदलते. माझ्यानंतर ते काम अडू नये.

४. टेनर सॅक्सोफोन माझी विद्यार्थिनी पूर्णिमा साहू, अभनपुर, हिला. पराग रुग्णालयात म्हणाला होता, "दीदी, शोकेस में रखेंगे, लाइट लगाके." भावना पोचली. पण न वाजवलेल्या वाद्याची पॅड कडक होतात. पूर्णिमाने ते रोज वाजवावे. वरातीतही चालेल.

५. या वाद्याच्या पूजेबद्दल. मी रुग्णालयात असताना आईने खंडेनवमीला पेटी उघडून त्याची पूजा केली. टाके निघाल्यावर डॉक्टरांच्या परवानगीने मी पहिल्यांदा फुंकलं. वरचे सूर आले. खालचा प्रत्येक सूर फाटला. ओठ गेला, असं आम्ही धरून चाललो. म्हणजे मी आणि दारात उभी असलेली आई, दोघीही. वाद्य पेटीत ठेवताना झडपा नीट बसतात का ते पाहायला सवयीने नळीत बारीक दिवा सोडला. एका झडपेखालून उजेड गळत होता, म्हणजे हवाही. तिथे कुंकू लागलेला तांदळाचा दाणा चिकटला होता.

"आई, अक्षता काहून टाकल्या?"

"अक्षतेबिगर पूजा होते का? देवीले म्हटलं, पोरीचा ओठ सांभाळ."

"ओठ सांभाळला तिनं. सूर तू अडवला."

"मंग बरोबरच आहे. मी ओठाचंच मागतलं होतं."

दाणा काढला. खालचा सा वाजवला. तो आला. आई स्वयंपाकघरात गेली आणि तिने बराच वेळ नळ सुरू ठेवला.

म्हणून अट: पूर्णिमाने दर खंडेनवमीला पूजा करावी, पण पेटी बंद ठेवून.

तो दाणा माझ्या माउथपीसला लावायच्या रीडच्या डबीत आहे. तो मी कोणालाही देत नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी परागने करावी. घाई नसावी; डिसेंबरात माझा कार्यक्रम आहे. साक्षीदारांना यातून काहीही मिळत नाही, हे त्यांना सांगितले आहे. दोघांनी एकमेकांसमक्ष व माझ्यासमक्ष सह्या केल्या.

सही: शर्मिष्ठा नरहरी खापरे
साक्षीदार: १. डॉ. कुमुद पोहनकर (शस्त्रक्रिया यांनीच केली)
२. शिशिर बोबडे, शेजारी (रियाज सोसणारे)
रायपूर, १८ नोव्हेंबर २०२५