आधी नाव सांगून

प्रिय दिव्यानी,

तुझी भाची रंजीता घरी कधी येईल, असं तू विचारलंस. ते शेवटी सांगते, आधी इथलं ऐक.

इथे मोहाचं झाड फुलं गाळू लागलंय. पहाटे बालगृहाच्या आवारात त्याचा गोड, जड वास भरून राहतो आणि निजलेली मुलं पाण्याच्या तळाशी असल्यासारखी संथ दिसतात. आमची एक रीत आहे. मुलांच्या खोलीत पाऊल टाकण्याआधी प्रत्येकानं आपलं नाव सांगायचं, म्हणजे कुणी दचकत नाही. मुलांनी त्याचा खेळच केलाय. एवढासा पोचू अर्धवट झोपेतही दवंडी देतो, "मी पोचू, मुतायले चाललो!"

रंजीता आली तेव्हा पलंगाखाली झोपायची. पाठीवरचे वळ तू पाहिलेस. पण नुसती हाक मारली तरी ती डोकं हातांनी झाकायची, ते तू पाहिलं नाहीस. परवा उजाडताना बाहेर फुलं टपटपत होती. ती खिडकीकडे बघून हळूच म्हणाली, "कोण?" स्वयंपाकाच्या इतवारीबाई झाडाखाली वेचत होत्या. त्या म्हणाल्या, "मी मोहफूल वो बाई, पडून राह्यलो. येऊ का?" रंजीता हसली. "ये," म्हणाली. त्या दिवशी तिनं मला केसही विंचरू दिले. बाबा फोनवर म्हणतात, "बी.ए. होऊन पोराइचे केसच विंचरून राह्यली का?" त्यांना कसं सांगू, त्या वेळी तिनं डोकं झाकलं नाही.

सोमवारी सुनिलदादा आला. नवा फ्रॉक, जिलेबी. "आता दारूले शिवत नाई," म्हणत रडला. मग चिडला, "मी बाप आहो, माही पोरगी तुमी काऊन ठेवता?" कॉलेजात असताना तुमच्याकडे जेवायला यायचे, तेव्हा हाच मला आग्रहानं वाढायचा. विश्वास ठेवावा असं फार वाटलं. पण त्याचा आवाज ऐकताच रंजीता पलंगाखाली गेली, ती दिवे लागेपर्यंत निघाली नाही.

काल बालकल्याण समितीनं माझं मत विचारलं. तुझा भाऊ समोरच बसला होता. रंजीताला इतक्यात घरी पाठवू नका, असं मी म्हणाले. त्यानं आधी उपचार घ्यावेत, भेटायला इथेच यावं. समितीनं ते मानलं. त्यानं तुला एव्हाना सांगितलंच असेल. पण ते मला कुणी बोलायला लावलं नव्हतं, हे तुला माझ्याकडूनच कळावं म्हणून लिहिलं. ते मीच बोलले.

रागावलीस तरी तुझीच,
रीता