बारा अभ्रे बाद

३ जून, सोमवार. सकाळी ७.
नवीन वही. अक्षर जपून काढणे.
खुर्च्यांच्या कारखान्यात चौतीस वर्षं माल तपासला. रिटायर होऊन चार महिने झाले. आपल्या घरात क्वालिटी नावाची चीज नाही हे इतकी वर्षं ध्यानातच आलं नाही. झोपायलाच यायचो ना.
बायको आणि आमच्याकडेच राहणारी तिची मोठी बहीण मिळून उशांचे अभ्रे शिवतात. हॉस्पिटलने नमुन्यादाखल शंभर मागितलेत. शनिवारी, पंधराला, गाडी न्यायला येणार. पसंत पडले तर वर्षभराचं काम. त्या भरवशावर मेहुणीने कपड्यांच्या दुकानातली नोकरी सोडली. एवढा डाव लावला आणि तपासायला माणूस नाही! मला विचारायला लाजत असतील. आजपासून क्वालिटी विभाग सुरू. प्रमुख मी.

७.४०. निरोप समारंभात मिळालेल्या खुर्चीवर बसून लिहितोय. डुगडुगते. पण बुडाखाली माझाच शिक्का आहे, ‘पास’. म्हणजे जमीन तिरपी. गवंड्याला बोलावणे.

४ जून.
क्वालिटी म्हणजे माप. कागदावर जे लिहिलंय ते मालात उतरलं पाहिजे. बस. कागद नव्हता, म्हणून मीच लिहिला: लांबी सत्तावीस इंच, रुंदी अठरा, इंचाला दहा टाके. भिंग घेऊन बसलो. नऊ टाके! बायकोला दाखवलं. ती म्हणाली, अहो, उशी काय टाके मोजायला बसणार आहे का? मेहुणी दाताने दोरा तोडत म्हणाली, भावोजी, भिंग तुमच्याच डोक्यावर धरा जरा, केस सापडतायत का बघा.
हसल्या दोघी. हसू दे. कारखान्यातही सुरुवातीला हसायचे. नंतरही.

६ जून.
क्वालिटीची व्याख्या काय, असा दोघींना लेखी प्रश्न दिला. लेखी उत्तर आलं नाही. बायको म्हणाली, वीस वेळा उकळत्या पाण्यातून काढला आणि शिवण उसवली नाही, तर चांगला. मेहुणी म्हणाली, दोरीवरून काढला आणि इस्त्री न करता घालता आला, तर चांगला. एका घरात दोन व्याख्या. अशाने देश कसा पुढे जाणार.

७ जून.
हॉस्पिटलच्या मोठ्या सिस्टर कापड बघायला आल्या. मी कागद, पट्टी, भिंग मांडूनच ठेवलं होतं. बाईंनी एक अभ्रा उशीवर चढवला आणि सरळ तिच्यावर कान टेकवून पडल्या. आमच्या दिवाणावर! उठून म्हणाल्या, पेशंट दिवस दिवस एका कुशीवर असतो, शिवण कानाखाली टोचली तर बिचारा हलूही शकत नाही, तुमची टोचत नाही. बायकोचा चेहरा असा उजळला की काय सांगू. लग्नात एवढा उजळला नव्हता.
कानाला काय कळतं? कानावर क्वालिटी सोडली तर आमच्यासारख्यांनी करायचं काय?

९ जून, रविवार.
वाचनालयातून या विषयावरचं पुस्तक आणलं. क्वालिटी पाच-सहा प्रकारे ठरवतात म्हणे. पहिली दोन पानं वाचली, पुढचं अंदाजाने कळलं. त्यात आहे की वापरणारा खूश झाला तर माल चांगला. विचार करता पटलं. या घरातला वापरणारा कोण? मी. सकाळच्या चहासाठी फॉर्म तयार केला: रंग, तापमान, वागणूक. दहापैकी सहा दिले. वागणुकीला दोन.

१० जून.
खुर्ची डुगडुगत नाही! जमीन आपोआप बसली असावी. खाली वाकून पाहिलं. तोकड्या पायाखाली चहाचा फॉर्म, चार घड्या घालून. असो. फॉर्म उपयोगी पडला हे सिद्ध.

१३ जून.
शंभर पूर्ण. आठवडाभर मशिनचा आवाज थांबला नाही. मेहुणीचा खांदा धरलाय. बायको म्हणाली, आता कुणी हात लावू नका, चादरीत बांधून ठेवलंय. ‘कुणी’ म्हणजे मेहुणी असणार.

१५ जून, शनिवार. पहाटे ५.
अंतिम तपासणी केल्याशिवाय माल बाहेर जाऊ देणं माझ्या रक्तात नाही. दोघी झोपल्यात. गठ्ठा सोडला. कारखान्याचे दोन शिक्के आणि शाईचा डबा मी निरोपाच्या दिवशी घरी आणला होता. कुणी मागितलेही नाहीत. यालाच विश्वास म्हणतात.
अठ्ठ्याऐंशी पास. बारा बाद. खुर्चीला शिक्का बुडाखाली मारायचो, उभ्या जन्मात कुणाला दिसला नाही. इथे मधोमध मारला. चौतीस वर्षांची हौस फिटली.
बारा बाद वेगळे काढावे की काय? नाही. शंभर सांगितलेत, शंभर जाणार. शिवाय चांगला कारखाना आपले दोष लपवत नाही. गिऱ्हाईकाला कळू दे कुठला वाईट आहे ते. पुन्हा तशीच गाठ मारली. बायकोला सांगायची गरज नाही. श्रेय मागणारा मी नव्हे.
९.१५. गाडी गेली. मेहुणीने गाडीला हात जोडले.

१८ जून. दुपारी.
हॉस्पिटलचा फोन. बायको नुसती हं, हं करत होती. मग खाली बसली.
झालं असं. ती शाई लाकडाची. कापडावर वाळत नाही, घाम लागला की सुटते. (ही शाईवाल्याची चूक. पत्र लिहिणे.) वॉर्डातल्या बाईंना वाटलं धोब्याची खूण असेल, घातले अभ्रे. सकाळी पेशंटांच्या गालावर निळी उलटी अक्षरं. एकाच्या मुलाने मोबाइलवर फोटो काढून सुलटा केला, तेव्हा वाचता आलं. ‘पास’वाला एक जण कपडे बदलून घरी जायला निघाला. इथपर्यंत गंमत होती.
खिडकीजवळच्या म्हाताऱ्यांचं ऑपरेशन होऊन चारच दिवस झालेले. त्यांच्या गालावर ‘बाद’. त्याच मुलाने त्यांचाही फोटो काढून नको तेव्हा त्यांच्यासमोर धरला. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि जेवण सोडलं. सिस्टरांनी खूप विचारलं, तेव्हा म्हणाले, डॉक्टरांनी लपवलं, पण कुणीतरी खरं सांगितलं, बरं झालं.
मेहुणी मला काही बोलली नाही. खांदा चोळत होती. बोलली असती तर उत्तर तयार होतं.

१९ जून.
दोघी हॉस्पिटलात जाऊन त्या म्हाताऱ्यांच्या पाया पडून आल्या. बायकोने स्वतःच्या हाताने त्यांना दोन घास भरवले म्हणे. मला बरोबर नेलं नाही. मी मनाला लावून घेतो हे तिला ठाऊक आहे.

२२ जून.
काम मिळालं! वर्षभराचं! शेवटी क्वालिटी दिसतेच.
सिस्टर म्हणाल्या, शिवण एकही उसवली नाही, कान एकाचाही दुखला नाही. मात्र करारात एक कलम: मालाला या घरातल्या पुरुषाचा हात लागता कामा नये, माल ठेवतात त्या खोलीतही त्याने यायचं नाही. बायकोने तिथेच सही केली. बाकीची कलमं तिने दोनदा वाचली, हे एकदाही नाही.
एवढ्या मोठ्या संस्थेच्या करारात आपल्यासाठी स्वतंत्र कलम. कारखान्यात चौतीस वर्षांत माझं नाव नोटीस बोर्डावरसुद्धा लागलं नव्हतं.

२३ जून, रविवार.
माल आमच्या झोपायच्या खोलीत ठेवणार. कलमाप्रमाणे माझा पलंग गॅलरीत. बायको आत, मेहुणीजवळ. शिक्के बायकोने पाट्यावर ठेवून वरवंट्याने फोडले. मोठी ताकद आहे तिच्यात, लक्षात आलं नव्हतं. परत आलेले ‘बाद’चे बारा अभ्रे मला दिले. म्हणाली, हे तुमचे, जन्मभर पुरतील.
मी विचारलं, आणि तू? म्हणाली, मी लग्नाची पस्तीस वर्षं तपासणीत होते, आता सुटले.
थट्टेत बोलली असावी. हसली नाही एवढंच.

२४ जून. सकाळी ६.३०.
गॅलरीत उकडतं. रात्रभर एका कुशीवर. शिवण कानाला अजिबात टोचली नाही, हे मान्य करायला हवं.
दाढीला आरसा लावला. डाव्या गालावर दोन निळी अक्षरं. आरशात अगदी सुलट दिसतात. फोटोची गरज नाही.
बारकाईने पाहिलं. ठसा मधोमध, काना सरळ, शाई कुठे फुटलेली नाही.
ठसा पास.
साबणाने जात नाही. आतून मशिनचा आवाज येतोय. चहा अजून आला नाही.