शटरच्या पेटीतली पिल्लं

बाई, ती तक्रार मीच केली होती. जूनच्या शेवटी बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांवर जिऱ्याएवढे काळे दाणे दिसायला लागले. उंदीर असावेत, बंदोबस्त करा, असा फॉर्म मी इमारतीच्या व्यवस्थापकांना भरून दिला. इथे ग्योतोकुला येऊन आम्हाला सहा वर्षं झाली, पण मोडक्यातोडक्या जपानीत स्वतःहून काही मागायची माझी ती पहिलीच वेळ. चार दिवसांनी लिफ्टपाशी सूचना लागली. मला ती लिपी अजून धड वाचता येत नाही, म्हणून मुलीला वाचायला सांगितली. "कोउमोरी दा ते," ती म्हणाली. वटवाघळं आहेत म्हणे. मंगळवारी सकाळी आमच्या खिडकीवरच्या, शटर गुंडाळलं जातं त्या पेटीच्या फटी फोम भरून कायमच्या बुजवणार होते. वर येऊन मी एक दाणा चिमटीत चुरडला. त्याचा भुगा झाला आणि भुग्यात किड्यांच्या पंखांची चमचम दिसली. उंदराची लेंडी अशी चुरडत नाही. कोल्हापूरला कॉलेजच्या प्रयोगशाळेत पहिल्याच वर्षी तुम्ही हे शिकवलं होतंत, आणि मी ते करून पाहिलं, तेही फॉर्म देऊन झाल्यावर.

त्या संध्याकाळी मी बाल्कनीत बसून राहिले. दिवस मावळताना पेटीच्या फटीतून एकेक वटवाघूळ बाहेर पडलं, आपल्याकडच्या चिमणीहूनही लहान. सगळी गेली तरी आतला बारीक चिवचिवाट थांबला नाही. आया चरायला गेल्या होत्या आणि पिल्लं आतच होती. ज्यांना उडता येतं ती फोमच्या आवाजाने निसटतील, बाकीची तिथेच गुदमरतील, हे समजायला प्राणिशास्त्र लागत नाही. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांना फोन केला. ते अतिशय नम्रपणे म्हणाले, की कामगार ठरलेले आहेत, आता इलाज नाही. नवरा तोयोसुहून कामावरून आला, त्याला सांगितलं, तर तो बराच वेळ बूट काढत बसला. "अगं, तक्रार आपली आणि अडवणारही आपणच? पुढच्या महिन्यात घराचा करार नवा करायचाय. परदेशी माणसाला इथे घर मिळायला काय काय करावं लागतं, विसरलीस का?" त्याचं चुकत नव्हतं. मी भांडलेही नाही. सोमवारभर आंघोळ करताना, भांडी घासताना, व्यवस्थापकांना जपानीत सांगायची चार वाक्यं पाठ करत राहिले.

मंगळवारी नऊला घंटा वाजते. दारात व्यवस्थापक आणि शिडी घेतलेला एक साठीचा कामगार. बाल्कनीत जायला माझ्याच घरातून वाट. दार उघडलंच नाही तर, असं क्षणभर मनात येतं, पण हात कडी काढतो. ते दोघं बूट काढून आत येतात, आणि माझी चारही वाक्यं कुठे जातात कोण जाणे. कामगार बाल्कनीत शिडी लावतो. शटर नीट चालतंय ना, हे बघायला तो ते खाली ओढतो, तेव्हा मला आवाज फुटतो. "थांबा. आत बाळं आहेत." पण शटर हातभर खाली आलेलं असतं, आणि पट्ट्यांमधून काहीतरी माझ्या पायाशी पडतं.

अंगठ्याच्या पेराएवढं पिल्लू होतं. अंगावर लव जेमतेम, एक पंख फाटलेला. व्यवस्थापक माझ्याकडे बघत होते. "ओकुसान," इथे घरच्या बाईला म्हणतात तसं ते म्हणाले, "तक्रार तुम्हीच दिली होती ना?"

"हो. माझं चुकलं. तीन-चार आठवडे थांबा. ती उडायला लागली की बुजवा. तोवर रोज बाल्कनी मी धुईन."

कामगाराने शिडीवरूनच पेटीच्या पत्र्याला कान लावला. मग तो खाली उतरला, फोमचा डबा पिशवीत घातला आणि व्यवस्थापकांना म्हणाला, "आत जिवंत आहेत. मी हे करत नाही." त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. व्यवस्थापकांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि ऑगस्टची तारीख सांगितली.

हातमोजे घालून मी पिल्लू उचललं, आणि बाई, माझे हात थांबले. कारण मला आपल्या प्रयोगशाळेतलं वटवाघळाचं ते दुसरं पिल्लू आठवलं. त्याला मी तान्ह्या बाळासारखं उताणं धरून दूध पाजलं होतं, आणि दूध फुप्फुसात जाऊन ते मेलं होतं. तुम्ही दारात उभ्या होतात. "ते तुझं बाळ नाही. त्याला पालथं धरायचं असतं, हे विचारायला एक मिनिट लागलं असतं," एवढंच म्हणालात. त्यानंतर दोन दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर खारीच्या केसांचा बारीक ब्रश ठेवलेला होता, पिल्लांना दूध चाटवायला. तो ब्रश मी कधी वापरला नाही.

जंगली प्राणी इथे परवानगीशिवाय घरात ठेवता येत नाही. सरकारी कार्यालयाला फोन केला, तर त्यांनी दोन स्टेशनं पलीकडे राहणाऱ्या, नोंदणी केलेल्या एका आजींचा नंबर दिला. डब्याच्या झाकणाला भोकं पाडली, कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवली आणि तो डबा मांडीवर घेऊन ट्रेनमध्ये बसले. दोन स्टेशनांत मी झाकण पाच वेळा कलतं केलं असेल. आजी पूर्वी शाळेत परिचारिका होत्या. त्यांनी भिंगाखाली पंख उलगडला. "कातडी भरून येईल. पंखातल्या बोटाचं हाड मोडलंय. उडेल की नाही, सांगत नाही." मग शेळीच्या दुधात बुडवलेला ब्रश माझ्यापुढे धरला. मला जमणार नाही, असं मी म्हणाले. "मग शिका," त्या म्हणाल्या. मी पिल्लू पालथं धरलं. त्याने ब्रशला तोंड लावलं.

दोन-अडीच महिने मी रोज सकाळी मुलीचं आवरून तिकडे गेले. आमची पेटी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात रिकामी झाली, तोच कामगार आला आणि बुजवून गेला. घराचा करारही झाला. पिल्लू मात्र आजींच्या खोलीत पडद्यावर आपटत होतं. "आज नाही," त्या रोज म्हणायच्या. सप्टेंबरच्या मध्यावर त्याने न पडता खोलीला सतरा फेऱ्या मारल्या. त्या संध्याकाळी त्यांच्या गच्चीवर ते माझ्या हातमोज्यावर बसलं. अंग तापवण्यासाठी थरथरत राहिलं, ती थरथर हातमोज्यातून मला जाणवत होती. मग हात हलका झाला. पुढे जगलं का, माहीत नाही. आजींनाही नाही.

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून शेवटचं लिहिता येतंय. एम.एस्सी. अर्धवट सोडताना मी तुम्हाला लग्न ठरलंय म्हणून सांगितलं. "मग पेढे कुठे आहेत?" असं तुम्ही हसून विचारलंत. बाई, लग्न ठरलं नव्हतं; तो ब्रश हातात घ्यायची मला भीती वाटत होती. पहिलं स्थळ यायलाही त्यानंतर एक वर्ष गेलं.